अर्थशास्त्राचा पदव्युत्तर अर्ज: गणित आधी, निबंध शेवटी

टीवायची, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाची, दिवाळी सरली की मुंबईतल्या कॉलेजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकच मागणी फिरू लागते: 'कुणाकडे चांगला एसओपी आहे का?' एसओपी म्हणजे आपल्याला काय शिकायचंय आणि का, हे सांगणारा अर्जासोबतचा निबंध. पुढचे दोन महिने त्या दोन पानांवर जातात. एक शब्द बदलायचा, दुसऱ्या दिवशी आधीचाच परत बसवायचा. निवड समिती मात्र अर्ज जवळपास उलट्या क्रमाने वाचते. आधी गुणपत्रिका, आणि तीतही गणित-संख्याशास्त्राच्या ओळी. मग शिफारसपत्रं. संशोधनाचा नमुना जोडलेला असेल तर त्याची पहिली दोन-तीन पानं. निबंध शेवटी, तोही बहुतेकदा आधीच्या कागदांशी जुळतो ना, एवढं बघायला. म्हणून इथे तयारीचा क्रम समितीच्या वाचनाप्रमाणे लावला आहे. त्यातली निम्मी कामं टीवायच्या दिवाळीत सुरू करून होत नाहीत, ती एसवायलाच, म्हणजे दुसऱ्या वर्षीच, हातात घ्यावी लागतात.

दरवाजा कोणता, ते आधी ठरवा

भारतातले बहुतेक चांगले एमए-एमएस्सी अभ्यासक्रम प्रवेश परीक्षेवर चालतात. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि जेएनयूसाठी सीयूईटी-पीजी ही सामायिक प्रवेश परीक्षा. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या, म्हणजे आयएसआयच्या, दिल्ली आणि कोलकाता इथल्या एमएसक्यूई या संख्यात्मक अर्थशास्त्राच्या मास्टर्ससाठी संस्थेची स्वतःची परीक्षा. आयआयटींमधल्या काही अभ्यासक्रमांसाठी जॅम ही त्यांची सामायिक परीक्षा. त्यात अर्थशास्त्राचा पेपर २०२१ पासून आहे. घराजवळ बघायचं तर गोरेगावला फिल्मसिटीच्या वाटेवर रिझर्व्ह बँकेने १९८७ साली उभी केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे (सगळे तिला आयजीआयडीआर म्हणतात), कलिन्याला मुंबई विद्यापीठाचं मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी आहे आणि पुण्यात १९३० पासूनची गोखले संस्था. या दरवाजांवर निबंधाला फारशी किंमत नाही. तिथे पेपर सुटला पाहिजे.

परदेशी अर्जाचं तंत्र वेगळं. अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. पाच ते सहा वर्षं लागतात, आणि चांगल्या विभागात फी माफ होऊन वर विद्यावेतन मिळतं. तिथली मास्टर्स मात्र बहुतेक ठिकाणी स्वखर्चाची. ब्रिटन आणि युरोपात आधी एक किंवा दोन वर्षांची मास्टर्स, मग पीएचडी, हा रिवाज आहे. कॅनडात मास्टर्सलाही थोडीफार आर्थिक मदत मिळू शकते.

मुंबई विद्यापीठाच्या नेहमीच्या बीए इकॉनॉमिक्समधून, गणिताचा स्वतंत्र विषय न घेता आलेल्या विद्यार्थ्याने थेट अमेरिकन पीएचडीचे दहा अर्ज भरण्यात शहाणपण नाही. त्याच्यासाठी आधी इथलीच दोन वर्षांची कसदार मास्टर्स आणि मग परदेश, हा रस्ता बहुतेकदा सरस ठरतो. गणिताची कमतरता भरून निघते, संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांची ओळख होते, आणि खर्च आवाक्यात राहतो. आयएसआयमध्ये तर शिकवणी शुल्क नाही, उलट विद्यावेतन मिळतं. रस्ता नवाही नाही. मुंबईत जन्मलेले नोबेल विजेते अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी कोलकात्यात पदवी, जेएनयूत एमए आणि मग हार्वर्डला पीएचडी, असेच गेले.

गणित

समितीला गुणपत्रिकेत चार गोष्टी शोधायच्या असतात: कलनशास्त्र (एका आणि अनेक चलांचं), लिनिअर अल्जिब्रा, रिअल ॲनालिसिस (सीमा, सातत्य यांचं सिद्धतांसह केलेलं गणित), आणि संभाव्यता व संख्याशास्त्र. प्रत्येकाची वेगळी ओळ, वेगळा ग्रेड. बीकॉमच्या 'मॅथेमॅटिकल अँड स्टॅटिस्टिकल टेक्निक्स'सारख्या पेपरात थोडं कलन, थोडी सरासरी आणि थोडं कर्जाचं व्याज येतं. तो पेपर यातल्या कुठल्याच खात्यात धरला जात नाही.

चारांपैकी रिअल ॲनालिसिसवर एवढा भर का, असं पुष्कळांना वाटतं, कारण अर्थतज्ज्ञ रोजच्या कामात सिद्धतांची ती एप्सिलॉन-डेल्टाची भाषा वापरताना दिसत नाहीत. कारण साधं आहे. पीएचडीच्या पहिल्या वर्षीचं सूक्ष्म अर्थशास्त्र उदाहरणं सोडवण्यापेक्षा सिद्धतांवर चालतं. उपभोक्त्याची निवड अस्तित्वात आहे हे सिद्ध करायला संच संहत असणं आणि फलन सतत असणं लागतं, समतोल सिद्ध करायला स्थिरबिंदू प्रमेय लागतं. पहिल्या वर्षाअखेरच्या परीक्षेत जे अडतात ते बहुधा इथेच. समितीला तुमचा ॲनालिसिसचा ग्रेड हवा असतो तो ही जोखीम मोजायला.

स्वतःची परीक्षा आजच घेता येईल. कोरा कागद घ्या आणि 'अभिसारी क्रमिका सीमित असते' हे व्याख्येपासून सहा-सात ओळींत सिद्ध करा. 'हे उघडच आहे' यापलीकडे पेन सरकलं नाही तर सुरुवात इथून.

एसवायला किंवा त्याआधी असाल तर गणित किंवा संख्याशास्त्र मायनर (दुय्यम विषय) म्हणून घ्या. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत तशी सोय आहे, पण प्रत्येक कॉलेज प्रत्येक जोडी देत नाही. वेळापत्रक आडवं येतं. प्रवेशाच्या वेळीच ऑफिसात न विचारता विभागप्रमुखांना विचारा. चौथं ऑनर्स वर्ष उपलब्ध असेल तर परदेशी जाणाऱ्यांना त्याचा दुहेरी फायदा: तीन वर्षांची पदवी न स्वीकारणाऱ्या विद्यापीठांचा प्रश्न मिटतो, आणि संशोधन प्रकल्पाला हक्काचा वेळ मिळतो.

ती वेळ गेली असेल तर स्वयम-एनपीटीईएलचे बारा आठवड्यांचे ऑनलाइन कोर्स आहेत. त्यांत गुणांपैकी २५ टक्के गृहपाठाचे आणि ७५ टक्के केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे. नुसते व्हिडिओ बघून झाल्याचं सांगण्याला काडीची किंमत नाही, परीक्षेच्या प्रमाणपत्राला आहे. विद्यापीठातल्या ग्रेडएवढी मात्र त्याचीही नाही, हे ध्यानात ठेवून शिफारसपत्र लिहिणाऱ्या प्राध्यापकांना ते गुण आवर्जून दाखवा. एमआयटीच्या डेटा, अर्थशास्त्र आणि विकास धोरण या विषयातल्या मायक्रोमास्टर्स या ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या निरीक्षकांसमोरच्या परीक्षाही याच कामाच्या.

आठवड्याला दहा तास धरले तर कलन ८ आठवडे, लिनिअर अल्जिब्रा ८, संभाव्यता व संख्याशास्त्र ८ आणि ॲनालिसिस १२, असे ३६ आठवडे होतात. जून ते फेब्रुवारी. ॲनालिसिस शेवटी ठेवू नका. लिनिअर अल्जिब्रा संपताच घ्या, कारण सिद्धता लिहिण्याची सवय मुरायला वेळ लागतो. पद्धत जुनीच: सिद्धता वाचायची, पुस्तक मिटायचं, कागदावर स्वतः लिहायची, अडलं ती ओळ शोधायची. विरार फास्टमध्ये उभ्याने व्हिडिओ बघून समष्टी अर्थशास्त्राची उजळणी होईल. ॲनालिसिस होणार नाही.

गणितात केटी लागली (नापास होऊन पेपर पुन्हा द्यावा लागला) असेल किंवा ग्रेड घसरला असेल तर लपवायला जागा नाही. त्याच विषयातला पुढचा पेपर घेऊन चांगले गुण मिळवणं हा एकच खरा उपाय. आजारपण, घरातली अडचण असं कारण असेल तर ते निबंधात एका ओळीत, किंवा त्याहून चांगलं म्हणजे प्राध्यापकांच्या पत्रात यावं.

प्रवेश परीक्षा

सीयूईटी-पीजीत ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. हिशेब मांडून बघा: चार पर्यायांतून डोळे मिटून टिक केलं तरी सरासरी पाव गुण पदरात पडतो, एक पर्याय बाद करता आला तर सरासरी दोन तृतीयांश. म्हणजे वेळ उरला असेल तर प्रश्न कोरा सोडणं तोट्याचं. जॅममध्ये हिशेब वेगळा. ६० प्रश्न, १०० गुण, तीन तास. एकच पर्याय निवडायच्या विभागात चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक तृतीयांश कापतात, तर अनेक बरोबर पर्यायांच्या आणि आकडा भरायच्या विभागात वजाबाकी नाही. मात्र अनेक पर्यायांच्या प्रश्नात एक जरी पर्याय राहिला तर शून्य.

आयएसआयचा पहिला पेपर गणिताचा, बहुपर्यायी. दुसरा अर्थशास्त्राचा, सविस्तर उत्तरांचा, आणि खरी चाळण तोच लावतो. इथे मुंबईकडचे विद्यार्थी ठरावीक जागी घसरतात. उपयोगिता फलन दिसलं की हात आपोआप लाग्रांजकडे, म्हणजे अवकलनाने कमाल मूल्य काढायच्या ठरीव पद्धतीकडे, जातो. दोन वस्तू एकमेकींना परिपूर्ण पर्याय असतील तर उत्तर बहुधा कोपऱ्यात असतं. सगळं उत्पन्न एकाच वस्तूवर. दोन्ही वस्तू ठरलेल्या प्रमाणातच लागत असतील (डावी-उजवी चप्पल) तर उत्तराच्या बिंदूशी फलनाला अवकलनच नसतं. दोन्हीकडे लाग्रांज लावून अर्धं पान भरतं आणि गुण मिळत नाहीत. प्रश्न वाचून आधी आकृती काढायची, मग पद्धत निवडायची. जुने पेपर किमान दहा वर्षांचे, घड्याळ लावून, आणि दुसऱ्या पेपरची उत्तरं कुणाला तरी तपासायला देऊन. स्वतःची सविस्तर उत्तरं स्वतः तपासली की प्रत्येकाला पूर्ण गुण मिळतात.

वेळापत्रकाचा गुंता इथे सांगून ठेवायला हवा. जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, परीक्षा फेब्रुवारीत. सीयूईटी-पीजी मार्चच्या आसपास. आयएसआयची बहुधा मे महिन्यात. मध्ये सहाव्या सेमिस्टरची परीक्षा. दरवर्षी तारखा पुढेमागे होतात, तेव्हा संस्थेच्या संकेतस्थळाची तारीखच खरी. क्लासच्या जाहिरातीतली नव्हे. अंतिम निकाल उशिरा लागण्याची शक्यता धरून तात्पुरत्या प्रवेशाचा नियम आणि गुणपत्रिका सादर करायची शेवटची तारीख आधीच वाचून ठेवा. ती तारीख चुकल्याने हातातली जागा जाते.

परदेशी अर्जाला लागणाऱ्या जीआरई या परीक्षेबद्दल थोडक्यात. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा छोटी झाली, १ तास ५८ मिनिटांची. अर्थशास्त्राच्या समित्या गणिताचा भाग बघतात. वरच्या पीएचडी विभागांसाठी १७० पैकी १६७ च्या पुढे असावं. १७० मिळाले म्हणून कुणी आत घेत नाही, पण १६० मिळाले तर अर्ज बाजूला पडू शकतो. गुण पाच वर्षं चालतात, म्हणून पाचवं सेमिस्टर सुरू होण्याआधीच्या मे-जूनमध्ये देऊन मोकळं व्हावं. त्यावर दोन महिन्यांहून जास्त खर्च करू नये.

शिफारसपत्रं

परदेशी अर्जाला तीन पत्रं लागतात, आणि गणितानंतर सगळ्यात जास्त वजन त्यांचंच. सगळ्यात जास्त अर्ज बिघडतात तेही इथे. प्राचार्यांच्या लेटरहेडवर 'विद्यार्थी प्रामाणिक, मेहनती आणि शिस्तप्रिय असून उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा' हे चारित्र्याच्या दाखल्याचं वळण आहे. समितीला त्यातून काहीच कळत नाही. तिला तुलना हवी असते. 'गेल्या आठ वर्षांत शिकवलेल्या सुमारे चारशे विद्यार्थ्यांत पहिल्या पाचांत' ही एक ओळ विशेषणांच्या पानभर माळेपेक्षा जड भरते. तिच्यामागोमाग पुरावा: अर्थमितीच्या प्रकल्पात विद्यार्थ्याने कोणती चूक स्वतःहून पकडली, कोणता प्रश्न विचारला, काम अडलं तेव्हा काय केलं.

असं पत्र लिहायला प्राध्यापकाने तुम्हाला काम करताना पाहिलेलं असावं लागतं. साठ-सत्तर जणांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून नव्वद टक्के मिळवले तर सरांकडे लिहायला नव्वद टक्के एवढंच उरतं, आणि ते गुणपत्रिकेवर आहेच. म्हणून एसवायपासून तीन माणसं मनात ठरवा: एक गणित किंवा संख्याशास्त्राचे, एक अर्थशास्त्राचे, एक ज्यांच्याकडे संशोधनाचं काम केलं ते. तिसरं नाव नसेल तर उन्हाळ्यात मिळवा. मुंबईत त्या बाबतीत जागा कमी नाहीत: आयजीआयडीआरमधले प्राध्यापक, ईपीडब्ल्यू रिसर्च फाउंडेशन, सीएमआयई, रिझर्व्ह बँकेची इंटर्नशिप, एक्सकेडीआर फोरम. पदवीनंतर वर्ष-दोन वर्षं संशोधन सहायक म्हणून काम करणं (जे-पाल साऊथ एशियासारख्या संशोधन संस्थेत) हाही आता पीएचडीकडे जायचा रुळलेला रस्ता आहे. अर्थात तिथे डेटा साफ करण्यात दिवस जातात, आणि पत्र तुमच्या मुख्य संशोधकाकडून यायला हवं. तुमच्या थेट वरिष्ठाची सही त्याला पर्याय होत नाही.

आंबेडकरांचं उदाहरण मुद्द्याला धरून आहे. एल्फिन्स्टनमधून पदवी घेऊन ते १९१३ साली कोलंबियाला गेले. तिथून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सकडे जाताना त्यांच्यासाठी हर्बर्ट फॉक्सवेल यांना पत्र लिहिलं ते एडविन सेलिग्मन यांनी. म्हणजे ज्यांच्या हाताखाली कोलंबियात काम झालं होतं त्या प्राध्यापकांनी, त्याच विषयातल्या दुसऱ्या प्राध्यापकाला. शंभर वर्षांत पोर्टल आलं, बाकी गोष्ट तीच राहिली.

मागणी कशी करायची? शेवटच्या तारखेच्या सहा ते आठ आठवडे आधी, प्रत्यक्ष भेटून. प्रश्न असा: 'सर, माझ्याविषयी सविस्तर, चांगलं पत्र लिहिता येईल इतकं माझं काम तुम्ही पाहिलंय असं वाटतं का?' सर 'बघू' म्हणाले तर तो नकारच समजावा. कोमट पत्र नसलेलं बरं. होकार मिळाला की एकच ईमेल: गुणपत्रिका, सीव्ही, तुमचा प्रकल्प, निबंधाचा कच्चा मसुदा, आणि विद्यापीठांची यादी शेवटच्या तारखांसह. दहा विद्यापीठांच्या दहा लिंका सरांच्या इनबॉक्समध्ये वेगवेगळ्या दिवशी जातील याची त्यांना कल्पना द्या. दहा दिवस आधी आणि तीन दिवस आधी एकेक नम्र आठवण.

'तूच लिहून आण, मी सही करतो' हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. तसं पत्र देऊ नका. तिन्ही पत्रांची भाषा, लकबी, अगदी स्वल्पविरामही निबंधाशी जुळू लागतात, आणि हजारो अर्ज वाचलेल्या माणसाला ते चटकन कळतं. मधला मार्ग आहे: पत्राऐवजी मुद्द्यांचं एक पान द्या, 'आपल्या पेपरात मी हे केलं, आपण तेव्हा असं म्हणालात, गुण इतके' अशा ओळींचं. लिहायचं काम त्यांचं. पत्र कॉलेजच्या ईमेल पत्त्यावरून जावं. जीमेलवरून आलेल्या पत्राबद्दल काही पोर्टलं खातरजमा मागतात. आणि फॉर्ममध्ये पत्र वाचण्याचा हक्क सोडल्याची खूण करा, नाहीतर पत्राचं वजन घटतं.

संशोधनाचा नमुना

बारा ते पंधरा पानं, एक प्रश्न, एक डेटा. टीवायचा सत्तर पानी 'प्रोजेक्ट', ज्यात चाळीस पानं पार्श्वभूमी आणि शेवटी पन्नास मैत्रिणींचा गुगल फॉर्म, तो जोडण्यापेक्षा काहीही न जोडलेलं चांगलं.

जवळचा विषय घेऊन बघू. लासलगावच्या बाजारसमितीतले कांद्याचे भाव आणि वाशीच्या बाजारातले भाव. दोन्हींचे रोजचे भाव ॲगमार्कनेटवर फुकट मिळतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण, प्रति क्विंटल. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी केली आणि मे २०२४ मध्ये ती उठवली. प्रश्न असा करता येईल: बंदीनंतर लासलगावचा भाव पडला, तेव्हा वाशीचा तितकाच आणि तितक्याच लवकर पडला का? म्हणजे दोन बाजारांमधला फरक कुणाच्या बाजूने सरकला?

आता काय बिघडतं ते. पहिलं, रिकामे दिवस. सुट्ट्या, व्यापाऱ्यांचे बंद, आवक नसलेले दिवस. त्या जागी शून्य भरलं तर भाव कोसळल्यासारखा दिसतो. कालचाच भाव भरला तर चढउतार खोटे शांत होतात. आठवड्याची सरासरी घेणं सुरुवातीला सोपं आणि प्रामाणिक. दुसरं, कांदा एकच नसतो. खरिपाचा लाल वेगळा, टिकणारा उन्हाळ वेगळा, आणि बंदीचे महिने नेमके हंगाम बदलण्याचे. मागच्या वर्षांचे तेच महिने शेजारी ठेवल्याशिवाय बंदीचा परिणाम आणि हंगामाचा परिणाम वेगळा काढता येत नाही. तिसरं, आणि परीक्षक आधी हेच बघतो: दोन्ही भाव काळानुसार वाहत जाणाऱ्या मालिका आहेत. एकीचं दुसरीवर सरळ रिग्रेशन केलं तर आर-स्क्वेअर ०.९ च्या वर येईल आणि त्याला काही अर्थ नसेल. आधी युनिट रूट तपासा, म्हणजे मालिका एका पातळीकडे परत येते की भरकटत जाते ते. दोन्ही मालिका स्थिर नसतील तर सहएकात्मता, म्हणजे कोइंटिग्रेशन आहे का, दोघी दीर्घकाळात एकमेकींसोबत चालतात का, ते बघा. असेल तर एरर करेक्शन मॉडेल लावा, त्यातून समायोजनाचा वेग, म्हणजे दोन भावांचा बिघडलेला मेळ किती लवकर परत जुळतो, तोही मिळतो. चौथं, लासलगाव आणि वाशी दोन्हीकडे एकाच वेळी बंदी लागू झाली, तुलनेला 'बंदी न लागलेला' बाजार नाही. तेव्हा 'बंदीमुळे' असं ठामपणे लिहू नका. 'बंदीच्या काळात' लिहा आणि का ते दोन वाक्यांत सांगा. स्वतःच्या निष्कर्षाची मर्यादा ओळखलेला हा परिच्छेद समितीला पूर्ण तक्त्यापेक्षा जास्त सांगून जातो.

कामगार किंवा रोजगाराचा विषय घ्यायचा तर सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पीएलएफएस या श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या घराघरांच्या नोंदी मोफत आहेत. त्या साध्या मजकुराच्या फायलीत येतात, कोणता आकडा कुठल्या स्थानावर आहे याचा तक्ता वेगळा. भारांक (नमुन्यातली नोंद किती जणांच्या वतीने धरायची तो आकडा) न लावता काढलेली टक्केवारी चुकीची असते, आणि नव्या माणसाची ही चूक ठरलेली. काढलेला आकडा सरकारी अहवालातल्या त्याच आकड्याशी जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आर, स्टाटा किंवा पायथन, काहीही चालेल. कच्च्या फाइलपासून शेवटच्या तक्त्यापर्यंत सगळं कोडमध्ये असावं, एक्सेलमध्ये हाताने पुसलेली एकही ओळ नको. मजकूर लॅटेक या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये.

निबंध

आता एसओपी. हजार शब्द, दोन पानं. विद्यापीठाने कमी सांगितलं तर कमी. पहिल्या परिच्छेदात तुम्हाला कोणत्या प्रश्नावर काम करायचंय. दुसऱ्या-तिसऱ्यात आतापर्यंत काय केलं. चौथ्यात गणिताची तयारी, गुणपत्रिकेवरून न कळणारं असेल तेवढंच. पाचव्यात हाच विभाग का. शेवटी पुढे काय करायचंय, दोन ओळी.

'लहानपणापासून मला धारावीतली गरिबी अस्वस्थ करत असे' या धाटणीची सुरुवात इतकी झिजली आहे की खरी असली तरी खोटी वाटते. तिच्याजागी: 'निर्यातबंदीच्या काळात घाऊक बाजारांमधली भावाची देवाणघेवाण मंदावते का, हे मी पाच वर्षांच्या साप्ताहिक भावांवर तपासलं, समायोजनाचा वेग घटला, पण हंगामाचा परिणाम वेगळा काढता आला नाही, आणि तोच प्रश्न मला पुढे न्यायचा आहे.' कोरडं वाक्य आहे. चालेल. वाचणारा अर्थतज्ज्ञ आहे.

विभागाच्या परिच्छेदात दोन-तीन प्राध्यापकांची नावं, प्रत्येकाच्या अलीकडच्या एखाद्या कामाशी तुमचा प्रश्न नेमका कुठे जोडला जातो ते सांगून. निवृत्त झालेले किंवा विभाग सोडून गेलेले प्राध्यापक लिहिणं ही हमखास घडणारी चूक; विभागाच्या पानावर जाऊन बघा. दुसरी, त्याहून लाजिरवाणी: दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव राहून जाणं. पाठवण्यापूर्वी फाइलमध्ये इतर नऊ नावं शोधून बघायला मिनिटही लागत नाही. अमेरिकन विभागांत निवड समिती करते, त्यामुळे प्राध्यापकांना आधी ईमेल टाकून उपयोग नसतो. ब्रिटन-युरोपात पीएचडीला मार्गदर्शक आधी ठरत असेल तिथे मात्र लिहावं लागतं.

कागदपत्रं

आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव, आणि पुष्कळदा आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा. जीआरई आणि अर्ज दोन्ही पासपोर्टप्रमाणेच भरा, आणि 'इतर नाव' या रकान्यात गुणपत्रिकेवरचं नाव जसंच्या तसं टाका. नाहीतर गुण आणि अर्ज एकमेकांना सापडत नाहीत.

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे गुणपत्रिका नव्हे. सगळ्या सेमिस्टरांचा एकत्र अधिकृत उतारा. त्यासाठी आधीच्या सर्व गुणपत्रिकांच्या प्रती लागतात, आणि हे काम आठवड्यात होईल असं धरून चालू नका. ऑक्टोबरातच अर्ज करा. स्वायत्त कॉलेजात पद्धत वेगळी असू शकते, कॉलेजच्या परीक्षा विभागात विचारा. अर्जाच्या वेळी बहुतेक अमेरिकन पोर्टलं स्कॅन केलेली प्रत घेतात, मोहोरबंद प्रत प्रवेश मिळाल्यावर. गुण चारपैकीच्या जीपीएत स्वतः बदलू नका. मूळ मोजपट्टी लिहा आणि ट्रान्सक्रिप्टच्या मागची श्रेणींची कोष्टकं असलेली बाजूही स्कॅन करा. हे विशेषतः जुन्या बॅचच्या, सातपैकी सीजीपीए असलेल्या मंडळींनी. ६.३ हा दहापैकी वाचला गेला तर सगळंच बारगळतं. आपल्याकडे ६० टक्क्यांना फर्स्ट क्लास असतो हे परदेशी समित्यांना साधारण माहीत असतं, तरी वर्गातला क्रमांक माहीत असेल तर प्राध्यापकांनी पत्रात तो लिहिला की शंका उरत नाही.

यादी, पैसा आणि एप्रिल

अमेरिकेच्या पीएचडी अर्जांची मुदत बहुतेक १ डिसेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत. अर्जाची फी प्रत्येकी साधारण ७५ ते १२५ डॉलर. दहा अर्ज, जीआरई आणि इंग्रजीची परीक्षा धरून हिशेब सव्वा लाख रुपयांच्या घरात जातो. फीमाफी काही विद्यापीठं देतात, पण ती मुदतीच्या आधी मागावी लागते. यादी करताना क्रमवारीपेक्षा विभागाचं प्लेसमेंटचं पान वाचा: पीएचडी झालेले गेल्या चार-पाच वर्षांत कुठे लागले. दहापैकी तीन अवघड, पाच आपल्या ताकदीचे, दोन जवळपास खात्रीचे. खात्रीच्या दोनमध्ये एक इथली मास्टर्स धरायला हरकत नाही.

मास्टर्सच्या खर्चासाठी मुंबईतच दारं आहेत. १८९२ पासूनची जे. एन. टाटा एंडोमेंट, के. सी. महिंद्रा ट्रस्ट आणि नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन कर्जाऊ शिष्यवृत्त्या देतात; अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. यातल्या काहींची मुदत विद्यापीठाचं उत्तर येण्याआधीच संपते, म्हणून विद्यापीठांच्या तारखांच्या शेजारी याही तारखा एकाच तक्त्यात लिहा.

उत्तरं फेब्रुवारी-मार्चमध्ये येऊ लागतात. विद्यावेतनासह आलेल्या बहुतेक अमेरिकन प्रस्तावांना १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचं असतं. त्याआधी कुणी घाई करत असेल तर या तारखेपर्यंत मुदत देण्याचा विद्यापीठांमधला सामायिक करार त्या विद्यापीठाने मान्य केला आहे का ते बघा. प्रतीक्षायादीत असाल तर एप्रिलच्या पहिल्या दोन आठवड्यांत जागा हलतात. त्या वेळी विभागाला चार ओळींचं ईमेल पाठवा: अजून इच्छुक आहे, पाचव्या सेमिस्टरचा किंवा नव्या गणित पेपरचा निकाल सोबत जोडला आहे, जागा मिळाल्यास लगेच होकार देईन. शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा. आणि ज्या जागा घ्यायच्या नाहीत त्या त्याच आठवड्यात नाकारा. तुमच्या नकाराची वाट बघत प्रतीक्षायादीत कुणीतरी थांबलेलं असतं, कदाचित तुमच्याच वर्गातलं.